होळीच्या रात्रीची आइस हॉकी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर, जानेवारी २०२६)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'माहिती तंत्रज्ञानातली माझी वाटचाल'. तो मी बदलून घेतला. माझी वाटचाल म्हणजे गेली तेवीस वर्षं एका खुर्चीवर बसणं. त्यातलं सांगण्यासारखं मी माझ्या मुलीलाही सांगत नाही, तुम्हाला कुठे सांगू. त्याऐवजी मी आइस हॉकीबद्दल बोलणार आहे. हसू नका. बर्फावरची हॉकी, आणि तीही घोडबंदर रोडवरून पाहिलेली. पाहिलेली म्हणणंही खरं नाही. बरीचशी ऐकलेली.

यात आपल्यातल्या एकीचा संबंध येतो. तिचं नाव मी घेणार नाही. ती समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि काय बोलायचं ते आम्ही दोघींनी आधी ठरवून घेतलंय. खो-खोच्या संघातल्यांनी तिला ओळखलं असेलच. तेव्हाही तिला कोणी नावानं हाक मारत नव्हतं, 'कॅप्टन' म्हणत. मीही तेच म्हणते.

१९९५ साली आपण दहावीत होतो. त्या वर्षी आपला मुलींचा खो-खोचा संघ आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि एका गुणानं हरला. पळतीच्या पहिल्या तिघींत मी असायची. त्या दिवशी मी आलेच नाही. सरांनी ऐन वेळी आठवीतल्या एका मुलीला उतरवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना कळलं की माझ्या वडिलांनी मला सोडलं नाही, क्लासची परीक्षा होती, दहावीचं वर्ष, वगैरे. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आता पुढचं.

फेब्रुवारी २०१०. मी तीस वर्षांची, मुलगी दोन वर्षांची. घोडबंदर रोडला आम्ही नुकतंच घर घेतलं होतं, कासारवडवलीच्या अलीकडे. आज तिथे जाताना मेट्रोच्या खांबांखालून रांगत जावं लागतं. तेव्हाही रस्त्यावर ट्रक होतेच. रात्री अकरानंतर गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरांची जी रांग लागायची, ती पहाटेपर्यंत संपायची नाही. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये ही घरघर. सासूबाई म्हणायच्या, समुद्राकाठी राहिल्यासारखं वाटतं. त्यांना तो आवाज खरंच आवडायचा.

मी कॅनडातल्या एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या गटात होते. रात्रीची जबाबदारी आळीपाळीनं असायची. तिकडे काही बंद पडलं की इथे फोन वाजायचा, आणि मी झोपेतून उठून लॅपटॉप उघडायची. बाळ लहान म्हणून मला घरून काम करायची मुभा होती. त्या बदल्यात सणावारी येणारा आठवडा न बोलता माझ्या गळ्यात पडायचा. होळीचा आठवडा असाच पडला.

२२ फेब्रुवारीला, सोमवारी संध्याकाळी, टोरांटोच्या माणसांबरोबर नेहमीची बैठक होती. फोनवर सगळे गप्प. एकानं सांगितलं, आज आम्हाला माफ करा, आमच्याकडे सुतक आहे. मी घाबरले. कोण गेलं, असं विचारणार तेवढ्यात कळलं की व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिक चालू आहे आणि आदल्या दिवशी कॅनडा आइस हॉकीत अमेरिकेकडून ५-३ असा हरलाय. तोही साखळी सामन्यात! स्पर्धेतून बाहेरही गेले नव्हते.

मला गंमत वाटली. आणि का कोण जाणे, कॅप्टनची आठवण झाली. ती लग्नानंतर टोरांटोजवळ मिसिसागाला गेली हे ऐकून होते. तेव्हा ऑर्कुट होतं, आपल्या बॅचचा गटही होता आणि त्यात तिचा फोटो मी वर्षभर पाहत होते. पाहायचा आणि पुढे जायचं. चौदा वर्षांत आमच्यात एक शब्द झाला नव्हता. त्या रात्री मी तिला लिहिलं, "आइस हॉकी म्हणजे नक्की काय असतं ग?"

चौदा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे. कशी आहेस नाही, ओळखलंस का नाही. मला दुसरं काही सुचलंच नाही.

तासाभरात उत्तर आलं. "खो-खोसारखंच असतं. फक्त ज्याला पळायचं नसेल त्याला घरी बसता येत नाही."

मी लॅपटॉप मिटला. मग पुन्हा उघडला आणि लिहिलं, "नियम सांग."

तिनं सांगितले. तिला ते कसे कळले तेही सांगण्यासारखं आहे. २००८ पासून कॅनडात शनिवार रात्रीच्या हॉकी सामन्यांचं पंजाबीतून समालोचन सुरू झालं होतं. हिला इंग्रजी समालोचनाचा वेग झेपेना आणि पंजाबी जेमतेम कळायचं, पण तो माणूस इतका जीव तोडून बोलायचा की खेळ आपोआप समजत गेला, असं ती म्हणाली. मुलगा जवळच्या रिंकवर स्केटिंग शिकायला लागला होता. त्याचे बूट बांधता बांधता तीही अठ्ठाविसाव्या वर्षी बर्फावर उतरली आणि पहिल्याच दिवशी सणकून आपटली. खो-खोतले पाय बर्फावर काही कामाचे नाहीत, हुलकावणी द्यायला गेलं की आपणच फिरतो.

आता थोडं खेळाबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. एका वेळी एका बाजूचे सहाजण बर्फावर, पाच खेळणारे आणि एक गोलरक्षक. वीस मिनिटांचे तीन भाग, मध्ये पंधरा मिनिटांची सुटी. चेंडू नाही. कडक रबराची जाड चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच उंच. वजन १५६ ते १७० ग्रॅमच्या दरम्यान. तिला 'पक' म्हणतात. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. खेळाडू इतक्या वेगानं पळतात की पाऊण मिनिटात दमतात. मग खेळ न थांबवताच कठड्यावरून उडी मारून ते बाहेर येतात आणि दुसरी तुकडी आत जाते. इथे मला पटकन कळलं. आपल्याकडे तिघांची तुकडी बाद झाली की पुढचे तिघे आत शिरतात, तसंच जवळजवळ. फरक इतकाच की त्यांना बाद व्हावं लागत नाही, दमलं तरी चालतं.

त्या आठवड्यात इथे काय चाललं होतं ते आठवतं का? २४ तारखेला ग्वाल्हेरला सचिननं दोनशे केले. एकदिवसीय सामन्यात पुरुषांमधलं पहिलं द्विशतक. आमच्या सोसायटीत फटाके वाजले, मुलगी दचकून उठली. त्याच रात्रीच्या शेवटी, म्हणजे २५ च्या सकाळी सहा वाजता, कॅनडा आणि रशिया यांची उपांत्यपूर्व फेरी होती. कॅप्टन तिकडून एकेक ओळ लिहून पाठवत होती आणि मी इकडे दूध तापवत वाचत होते. पहिल्या वीस मिनिटांत ४-१. शेवटी ७-३. दूध उतू गेलं. मी तिला सचिनचं कळवलं तर ती म्हणाली, तिकडच्या ऑफिसात तिनं हे तिघांना सांगितलं आणि तिघांनीही 'छान' म्हणून कॉफी घेतली. एवढा एकटेपणा आपल्याला परदेशात कधी वाटला नव्हता, असं तिनं लिहिलं. आमच्या पत्रव्यवहारातलं ते पहिलं बरं वाक्य.

२६ ला पहाटे महिलांचा अंतिम सामना. कॅनडानं अमेरिकेला २-० असं हरवलं आणि दोन्ही गोल मारी-फिलिप पुलाँ नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीनं केले. सामन्यानंतर, प्रेक्षक गेल्यावर, त्या मुली बर्फावर बसून बिअर प्यायल्या, सिगार ओढल्या, आणि त्यावर केवढा गहजब झाला! पुलाँचं तिथल्या कायद्यानं प्यायचं वयही झालेलं नव्हतं, हे खरं. पण कॅप्टननं मला विचारलं, "मुलगे असते तर कोणी विचारलं असतं का?" मी म्हटलं, नसतं. मग ती म्हणाली, "आपण जिंकलो असतो तर काय केलं असतं?" मी म्हटलं, "उसाचा रस." तिनं एक हसरा चेहरा पाठवला. त्याच्या खाली लगेच, "पण आपण जिंकलो नाही."

असं सारखं व्हायचं. गप्पा मस्त चालायच्या आणि मध्येच पायाला काटा.

२७ ला दोन्ही उपांत्य फेऱ्या. रात्री दीडला अमेरिका-फिनलंड. अमेरिकेनं पहिल्या तेरा मिनिटांत सहा गोल केले, सामना तिथेच संपला, फिनलंडला पुढे एक तेवढा मिळाला. सकाळी आठला कॅनडा-स्लोव्हाकिया. ३-० वरून ३-२ झालं आणि अगदी शेवटच्या सेकंदांत कॅनडाचा गोलरक्षक लुआँगोनं कसाबसा एक वाचवला. म्हणजे अंतिम सामना पुन्हा कॅनडा आणि अमेरिका यांचा. रविवारी दुपारी सव्वाबारा, व्हँकुव्हरची वेळ. मिसिसागाला सव्वातीन. ठाण्यात सोमवार १ मार्च, रात्री पावणेदोन.

म्हणजे होळीची रात्र. २८ ला होळी, १ ला धूळवड.

त्या दिवशी माझे आईबाबा आमच्याकडे आले होते. बाबा तेव्हा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आमच्या सोसायटीच्या आवारात छोटी सभ्य होळी पेटली आणि पलीकडे गावात खरी. घोडबंदर रोडवर टॉवर कितीही उभे राहिले तरी वाघबीळ, कावेसर, ओवळा ही गावं आत तशीच आहेत आणि त्यांचा शिमगा म्हणजे शिमगा असतो. रात्री आठनंतर मी आणि बाबा टीव्हीसमोर. दिल्लीत त्याच दिवशी हॉकी विश्वचषक सुरू झाला होता, आपली हॉकी, गवतावरची, म्हणजे आता निळ्या-हिरव्या सतरंजीवरची. पहिल्याच दिवशी भारत-पाकिस्तान. भारतानं ४-१ मारलं. बाबा इतके खूश की त्यांनी तिसरी पुरणपोळी मागून घेतली. पुढे त्या स्पर्धेत आपण आठवे आलो, पण ती रात्र झकास होती.

"आता झोप," बाबा म्हणाले. मी म्हटलं, मला अजून एक हॉकीचा सामना आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

दीड वाजता सगळं घर झोपलं. मी स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवला. एका खिडकीत कंपनीच्या सर्व्हरचे आलेख, दुसरीत स्काइप. कॅप्टननं तिचा लॅपटॉप टीव्हीसमोर खुर्चीत ठेवला होता. मला काय दिसत होतं सांगू? एक पांढरा आयत आणि त्यात लाल-निळ्या मुंग्या. पक तर दिसणं शक्यच नव्हतं. चित्र मध्येच गोठायचं, आवाज तेवढा यायचा. म्हणून ती बोलत राहिली. खो-खोच्या भाषेत. "डावीकडून आला, हूल दिली, आत शिरला, अरे दे ना, दे ना, दिला!" खो-खोत जसं 'खो' दिल्याशिवाय पुढचा उठत नाही, तसं तिच्या समालोचनात पास दिल्याशिवाय पुढचं वाक्य उठत नव्हतं.

पहिल्या भागात टेव्झनं गोल केला, १-०. दुसऱ्यात पेरीनं, २-०. मग अमेरिकेच्या केस्लरनं एक फेडला. २-१.

मध्येच माझं लक्ष आलेखांवर गेलं. खेळ चालू असताना आमच्या सर्व्हरवरचा भार पार तळाला गेलेला, आणि पंधरा मिनिटांच्या सुटीत टेकडी. रविवारीसुद्धा लोक विम्याच्या पावत्या बघत असतात, आणि ते सगळे खेळ थांबल्यावरच संगणकाकडे येत होते. मला वाटलं हे फक्त मलाच दिसतंय. नंतर कळलं, एडमंटन शहराला पाणी पुरवणाऱ्या कंपनीनं त्या दिवशीच्या पाणीवापराचा आलेख प्रसिद्ध केला होता. हुबेहूब तोच आकार. खेळ चालू असताना शहरात कोणी मोरीत जात नव्हतं, सुटी झाली की सगळे एकदम. ३ कोटी ४० लाखांचा देश आणि सरासरी १ कोटी ६६ लाख माणसं टीव्हीसमोर. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढा सुंदर आलेख दुसरा पाहिला नाही.

तिसऱ्या भागात कोणाचाच गोल होईना. शेवटची दोनेक मिनिटं उरली तेव्हा अमेरिकेनं एक विचित्र गोष्ट केली. त्यांचा गोलरक्षक मिलर, जो पुढे स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याला बाहेर बोलावलं आणि त्याच्या जागी एक हल्ला करणारा आत घातला. मागे गोल सताड उघडा. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "हरतोच आहोत, तर घराला कुलूप लावून काय करायचं?"

आणि २४ सेकंद उरले असताना परीझेनं गोल केला. २-२.

तिकडे तिच्या घरात बारा-पंधरा माणसं होती. ती सगळी एकदम गप्प झाली. मला वाटलं लाइन तुटली. मग तिचा आवाज आला, अगदी जवळून. ती लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेली होती.

जादा वेळेच्या आधी पुन्हा सुटी असते. तिनं दार लावलं आणि विचारलं, "त्या दिवशी तू का आली नाहीस?"

मी म्हटलं, "तुला माहितीये. बाबांनी..."

ती म्हणाली, "मी तुझ्या घरी गेले होते त्या दिवशी. सामन्याच्या आधी, तुला बोलवायला. तू नव्हतीस. तुझ्या बाबांनी दार उघडलं आणि विचारलं, 'अग, ती तर ग्राउंडवर गेली ना?'"

चौदा वर्षं हे तिच्याजवळ होतं. तिनं हे कोणालाही सांगितलं नव्हतं. सरांनाही नाही.

मी त्या दिवशी घरातून खो-खोचा गणवेश घालून निघाले होते आणि मासुंदा तलावाच्या काठावर दोन तास बसून राहिले होते. क्लासची परीक्षा नव्हती. बाबांनी मला कधीच अडवलं नव्हतं, उलट बूट त्यांनीच आणून दिले होते. मी गेले नाही कारण सरांनी कॅप्टन हिला केलं, मला नाही. पाचवीपासून मी खेळत होते, ही सातवीत आली. मला वाटलं, माझ्याशिवाय खेळून बघा. एवढंच. हरावेत असं वाटलं होतं का? हो, थोडं वाटलं होतं. आणि खरंच हरलात तेव्हा इतकी भीती वाटली की बाबांचं नाव तोंडातून निघून गेलं. ते खपलं. दहावीच्या वर्षी बापानं मुलीला खेळू दिलं नाही, यावर कोण शंका घेणार? सर, तुम्ही त्यानंतर बाजारात बाबांशी बोलणं टाळायचात. बाबांना ते जाणवायचं. ते घरी येऊन विचारायचे, "सर रागावलेत का ग माझ्यावर?" आणि मी म्हणायची, "नाही हो."

हे सगळं मी त्या रात्री तिला स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलं, हळू आवाजात. मध्येच बाबा पाणी प्यायला आले. कधी आले ते मला कळलं नाही, कानांवर हेडफोन होते. मागे वळले तेव्हा ते माठाजवळ भांडं घेऊन उभे होते. त्यांनी पाणी प्यायलं, भांडं पालथं घातलं आणि गेले.

कॅप्टन बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तू आली असतीस तरी कदाचित हरलो असतो. त्यांची ती लांब केसांची मुलगी काय सूर मारायची आठवतं ना? ते सोड. पण त्या आठवीतल्या पोरीला तू कधी भेटलीस का? ती पहिल्या मिनिटात बाद झाली आणि शाळा सुटेपर्यंत सगळे तिला त्यावरून चिडवायचे."

मी तिला कधीच भेटले नव्हते. मला तर तिचं नावही आठवत नव्हतं.

बाहेरून तिच्या नवऱ्यानं हाक मारली, सुरू झालं म्हणून. ती लॅपटॉप घेऊन परत गेली. जादा वेळेत पाचाऐवजी चारच जण खेळणारे आणि जो पहिला गोल करेल तो जिंकला. आठवं मिनिट चालू होतं. इगिन्ला कोपऱ्यात कठड्याशी होता, त्याच्या अंगावर अमेरिकेचा खेळाडू, आणि सिडनी क्रॉस्बी धावत आत शिरताना त्याला ओरडून हाक मारत होता, "इगी!" पडता पडता इगिन्लानं पक सोडली. हे सगळं मी नंतर शंभरदा पाहिलंय. त्या रात्री मला फक्त ऐकू आलं. कॅप्टन ओरडली, "खो दिला! दिला!" आणि मग पंधरा माणसांची एकच किंकाळी.

कॅनडा ३, अमेरिका २. कॅनडाचं त्या ऑलिंपिकमधलं चौदावं सुवर्ण. तोवर कुठल्याही देशाला एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये एवढी सुवर्णपदकं मिळाली नव्हती.

आणि मी काय केलं? पहाटे चारनंतर, घोडबंदर रोडवर, स्वयंपाकघरात, मी तोंडावर हात मारून बोंब ठोकली. चांगली शिमग्याची बोंब. मुलगी उठली, नवरा उठला, सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अग, होळी रात्रीच झाली ना?" नेमका त्याच क्षणी फोन वाजला. टोरांटोहून. सगळा देश एकदम जागचा उठला होता आणि आमचा एक सर्व्हर त्या टेकडीखाली चिरडला होता. सकाळी सहापर्यंत मी तो उभा करत बसले. तिकडचा माणूस फोनवर रडत होता, आनंदानं, आणि मला म्हणत होता, सावकाश कर, काही घाई नाही. असा ग्राहक मला पुन्हा मिळाला नाही.

सकाळी बाबा गॅलरीत बसले होते. खाली मुलं रंगाच्या बादल्या भरत होती. मी चहा नेऊन दिला. त्यांनी विचारलं, "कोण जिंकलं?"

मी म्हटलं, "कॅनडा."

"म्हणजे तुझी कॅप्टन ना?"

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पेपर उघडला. त्यांनी किती ऐकलं होतं, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. २०१७ मध्ये ते गेले. सर, ही गोष्ट तुम्हाला सांगायला मला तीस वर्षं लागली. त्यातली सोळा तर फोन उचलण्याइतकं धैर्य नाही म्हणूनच गेली. बाबांनी मला अडवलं नव्हतं. हे इथे सगळ्यांसमोर सांगायचं होतं, कारण त्यांचं नाव मी सगळ्या वर्गासमोर घेतलं होतं. स्मरणिकेतही हे असंच छापा, असं मी संपादकांना सांगितलंय.

त्या आठवीतल्या मुलीला मात्र मी शोधून काढलं, तेव्हाच, २०१० च्या मे महिन्यात. ती डोंबिवलीला राहते आणि शाळेत खेळ शिकवते. मी तिला भेटायला गेले, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मला तर त्या दिवशी खेळायला मिळालं याचाच आनंद झाला होता. नंतर चिडवायचे, ते मात्र वाईट वाटायचं." मग तिनं मला मैदानावर नेलं आणि तिच्या मुलींबरोबर पळायला लावलं. मी पहिल्या मिनिटात बाद.

तेव्हापासून कॅप्टन आणि मी आइस हॉकी सोडलेली नाही. गेल्या जूनमध्ये तर वेगळीच मजा. संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनला महिलांचा आशिया चषक झाला आणि भारताच्या मुलींनी कांस्यपदक मिळवलं. आपल्या मुलींनी, आइस हॉकीत! बहुतेक जणी लडाखच्या. तिथे थंडीत तलाव गोठतात तेवढे दोनेक महिने खरा सराव. २०१६ साली तैपेईला त्या पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. २०१७ मध्ये बँकॉकला जायला पैसे नव्हते तर लोकवर्गणी काढली, आणि तिथे फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला विजय मिळवला. आणि आता पदक. त्या आठवड्यात मी ऑफिसच्या बैठकीत मान खाली घालून फोनवर निकाल बघत होते आणि कॅप्टन मिसिसागात पहाटे. निकाल कळल्यावर तिनं फक्त एवढंच लिहिलं, "उसाचा रस." इथे ते कोणाला कळणार नाही, पण मी त्या संध्याकाळी मानपाड्याला गाडी थांबवून दोन ग्लास प्यायले. एक तिच्या वाटणीचा.

आता शेवटचं. पुढच्या महिन्यात इटलीत, मिलान आणि कोर्तिनाला, हिवाळी ऑलिंपिक आहे. २०१४ नंतर पहिल्यांदाच उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले खेळाडू त्यात खेळतील, म्हणजे सगळे मोठे येणार. कॅप्टन फेब्रुवारी संपेपर्यंत इथेच आहे. पुरुषांचा अंतिम सामना २२ तारखेला, रविवारी, आणि या वेळी रात्री जागायचं नाही, आपल्याकडे संध्याकाळ असेल. सामना आमच्या घरी बघायचा ठरलाय. पुलाँ अजून खेळते, त्यामुळे त्याआधी महिलांचा अंतिम सामनाही बघू. डोंबिवलीहून आठवीतली ताई येतेय. आता तिलाच ताई म्हणते मी. सर, तुम्हाला न्यायला मी स्वतः गाडी घेऊन येते. बाकीच्यांपैकी ज्यांना यायचंय त्यांनी चारपर्यंत पोहोचा. रविवार आहे म्हणजे घोडबंदर रोड मोकळा असेल, अशा भ्रमात राहू नका. कापूरबावडीलाच अर्धा तास धरा.